आगरकोटातील रेवदंडा

सोलापूरकरास पाण्याचे दर्शन घडते ते सिद्धेश्वर तलावात, हिप्परग्याच्या तलावात किंवा फार तर उजनीच्या जलाशयात. समुद्र ही त्याच्या दृष्टीने दूरची आणि बहुधा मुंबईच्या चौपाटीपुरती मर्यादित अशी गोष्ट. आपली भीमा नदीसुद्धा पश्चिम किनाऱ्यापासून फारशी लांब नसलेल्या भीमाशंकरला उगम पावते आणि जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून, कृष्णेला जाऊन मिळून, बंगालच्या उपसागराची वाट धरते. नदीनेच जेथे पाठ फिरविली तेथे माणसाचे काय, असे कोणी विनोदाने म्हणेल. तथापि इतिहास चाळू लागले म्हणजे निराळेच चित्र दिसते. दख्खनच्या पठाराचा पश्चिम समुद्राशी सुमारे दोन हजार वर्षे अखंड व्यवहार चालू होता, आणि त्या व्यवहाराची जी थोडी मोठी दारे होती त्यांपैकी एक दार म्हणजे चौल.

हे चौल आणि त्याला लागून असलेले रेवदंडा ही गावे रायगड जिल्ह्यात (१९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात) अलिबागच्या दक्षिणेस साधारणतः सतरा किलोमीटरवर आहेत. अलिबागला हजारो पर्यटक येतात, मुरूडच्या जंजिऱ्यालाही जातात. या दोहोंच्या मधोमध असलेल्या रेवदंड्यातून त्यांची वाहने भरधाव निघून जातात. आपण एका मोठ्या नगराच्या तटातून आत शिरलो आणि बाहेर पडलो, हे त्यांतील बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. गेल्या हिवाळ्यात कुटुंबीयांसमवेत दोन दिवस तेथे काढण्याचा योग आला. सोबत माझे मामा होते. वय ऐंशीच्या घरातले. सोलापुरातील एका गिरणीच्या साचेखात्यात त्यांची उभी हयात गेली. त्यांच्या प्रश्नांमुळे मला हे गाव अधिक नीट पाहावे लागले, हे आरंभीच नमूद केले पाहिजे.

एक बंदर, दोन कोट

प्रथम नावांचा उलगडा करू. कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, खाडीच्या उत्तर तीरावर, किनाऱ्यालगत रेवदंडा आहे आणि त्याच्या आतल्या बाजूस चौल. चौलमध्ये मुसलमानी अमदानीतील राजकोट होता. रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटास लोक आगरकोट म्हणू लागले. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. कोट ओसाड पडल्यावर त्यात आगरे झाली आणि नाव कायम झाले. पोर्तुगीजांच्या कागदपत्रांत ज्याला चौल म्हटले आहे ते शहर म्हणजे बव्हंशी आजचे रेवदंडाच होय. हा फरक लक्षात घेतला नाही म्हणजे वाचणाऱ्याचा मोठा गोंधळ उडतो. माझाही उडाला होता.

चौलचे प्राचीनत्व वादातीत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा व कल्याण यांच्यानंतर 'सेमिल्ला' या बंदराचे नाव येते. टॉलेमीनेही त्याचा उल्लेख केला आहे. हे चौलच, असे अभ्यासक मानतात. कान्हेरीच्या शिलालेखांतील 'चेमुल' हेही तेच. याच पेरिप्लसमध्ये पैठण आणि तगर या दख्खनमधील दोन पेठा सांगितल्या असून तगरहून जाडेभरडे कापड व मलमल किनाऱ्याकडे जात असे म्हटले आहे. तगर म्हणजे आजचे तेर. हे गाव धाराशिव जिल्ह्यात असले तरी आपल्या बार्शीपासून ते हाकेच्या अंतरावर, आणि तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या दूरदेशीच्या व्यापाराच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. म्हणजे आपल्या मुलखातले कापड गाड्यांवर आणि बैलांच्या पाठीवर लादून घाटाकडे जात होते, तेव्हा त्या वाटांच्या शेवटी जी बंदरे होती त्यांत चौल होते. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी याच घाटवाटांच्या आसऱ्याने खोदली गेली. दहाव्या शतकात आलेल्या अल् मसूदी या अरब प्रवाशाने 'सैमूर' येथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे लिहिले आहे. राज्य हिंदू राजाचे, वस्ती देशोदेशींची, असे ते गाव होते.

घोडा घेऊन आलेला रशियन

१४६९ च्या सुमारास या बंदरात एक रशियन व्यापारी उतरला. त्याचे नाव अफनासी निकितीन. व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा हा माणूस वाटेत लुटला गेला, आणि इराणमार्गे होर्मुझला पोचून तेथून एक घोडा घेऊन चौलला आला. घोडाच का? दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे आणि बहमनी सुलतानांच्या फौजेस तर घोड्यावाचून चालत नसे. अरबी घोडा ही त्या काळची सर्वांत किमती आयात होती. निकितीन पालीवरून जुन्नरला गेला. तेथील खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला. पुढे पुष्कळ विनवण्यांनंतर तो परत मिळाला. मग तो बिदरला गेला आणि तेथे बराच काळ राहिला. बिदर-गुलबर्गा हा सोलापूरच्या शेजारचा मुलूख. त्या वेळी सोलापूरही बहमनी राज्यातच होते. आपले प्रवासवर्णन लिहून निकितीन मायदेशी निघाला, परंतु घरी पोचण्यापूर्वीच स्मोलेन्स्कजवळ त्याचा अंत झाला. रेवदंड्यात त्याच्या स्मरणार्थ एक स्तंभ उभारलेला आहे. १९५७ सालचा 'परदेसी' हा भारत-सोव्हिएत चित्रपट त्याच्याच जीवनावर होता. बलराज साहनी आणि नर्गिस यांची कामे मामांना अजून आठवत होती. तो चित्रपट ज्या बंदराचा, ते हेच, हे मात्र त्यांना त्या स्तंभाशी उभे राहिल्यावर कळले.

पोर्तुगीज आले आणि चित्र पालटले. १५०८ मध्ये चौलच्या बंदरात इजिप्तच्या आरमाराने गुजरातच्या मलिक अयाझच्या साहाय्याने पोर्तुगीज गलबतांना गाठले. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पुढल्याच वर्षी दीवच्या लढाईत बापाने त्याचा सूड घेतला आणि पश्चिम समुद्रावर पोर्तुगीजांचा दरारा बसला. त्यांचा परवाना घेतल्याशिवाय जहाज हाकारणे कठीण झाले. अहमदनगरच्या निजामशाहीपुढे पर्याय थोडे होते. बुऱ्हाण निजामशहाने १५२१ मध्ये पोर्तुगीजांना येथे कोट बांधण्याची परवानगी दिली. मोबदल्यात घोडे आणि बंदराची सुरक्षितता, असा हिशेब होता.

या बुऱ्हाण निजामशहाची सोलापूरकरांस दुसरी ओळख आहे. १५२४ च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी त्याचा विवाह झाला तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून देण्याचे ठरले होते. तो दिला गेला नाही, आणि त्यावरून दोन्ही शाह्यांत पिढ्यान् पिढ्या रक्त सांडले. पुढे तालिकोटच्या लढाईपूर्वी झालेल्या सोयरिकीत चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली गेली, तीही सोलापूरच्या किल्ल्यासह. एकीकडे किनाऱ्यावरील कोटाला परवानगी आणि दुसरीकडे पठारावरील किल्ल्यासाठी तंटा, हे एकाच दरबाराचे काम होते. आपल्या भुईकोट किल्ल्यात सायंकाळी फिरावयास जाणाऱ्यांनी रेवदंडा पाहावा असे मी म्हणतो, त्याचे एक कारण हे आहे.

ज्यांना परवानगी दिली त्यांनाच हुसकून काढण्याचा प्रयत्न निजामशाहीला लवकरच करावा लागला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने स्वतः मोठी फौज घेऊन या शहरास वेढा घातला. त्याच वेळी आदिलशहाने गोव्यास वेढा दिला होता. काही महिने झुंजूनही दोघांना यश आले नाही. त्यानंतर पोर्तुगीजांनी सारे शहर तटबंदीने वेढून टाकले. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजांनी येथे वेढा घातला होता. अखेर १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांचा उत्तरेकडील मुलूख ढासळला आणि १७४० च्या तहान्वये रेवदंडा व समोरचे कोर्लई मराठ्यांकडे आले.

कोटाच्या आत

अलिबागहून येणारा रस्ता कोटाच्या भिंतीतूनच गावात शिरतो. भिंतीचा दगड काळा, वर पिंपळ आणि वड यांनी मूळ धरलेले. जमिनीकडील दरवाजा आणि समुद्राकडील दरवाजा असे कोटाचे दोन मुख्य दरवाजे. त्यांवर पोर्तुगालचे राजचिन्ह कोरलेले आहे. आत गेल्यावर आपण एखाद्या किल्ल्यात आलो असे मुळीच वाटत नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांतून गेलेल्या अरुंद वाटा, पूर्वी रहाटाने आणि आता पंपाने पाण्याचा पाट सोडलेला, अंगणात सुपारी वाळत घातलेली. आणि मग एकाएकी दोन माडांच्या मधून तीनचार पुरुष उंचीची भिंत वर येते, तिच्यात एक रिकामी खिडकी, खिडकीत आकाश.

ही भिंत कोणत्या इमारतीची, हे सांगणारा माणूस भेटला तर ठीक, नाही तर नुसते दगड पाहून परतावे लागते. एके काळी या एवढ्याशा जागेत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे मठ आणि चर्चे होती. डोमिनिकन चर्चचा काही भाग ओळखता येतो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाशी निगडित असे एक लहान प्रार्थनास्थळही दाखवितात. सर्वांत ठळक अवशेष म्हणजे 'सातखणी'. फ्रान्सिस्कन मठाचा हा चौकोनी मनोरा एके काळी सात मजल्यांचा होता. आता सातही मजले राहिलेले नाहीत. परंतु जे उरले आहे तेही माडांच्या शेंड्यांच्या वर डोके काढून उभे आहे. आत जिना नाही, मजल्यांच्या तक्तपोशी केव्हाच गेल्या. तळाशी उभे राहून वर पाहिले की पोकळ चौकोनातून आभाळाचा तुकडा दिसतो. पायथ्याशी जुन्या तोफा पडलेल्या आहेत. मनोऱ्यावर चढण्याचा प्रयत्न कोणी करू नये. दगड सैल झालेले आहेत.

येथे एक गोष्ट प्रत्येक पर्यटकाने लक्षात ठेवावयास हवी. यातील पुष्कळ अवशेष लोकांच्या वाड्यांत आहेत. ती त्यांची रोजीरोटी आहे. विचारल्याखेरीज आत जाऊ नये. विचारले की बहुधा कोणी नाही म्हणत नाही. एका वाडीत आम्ही भिंतीवरची नक्षी पाहण्यात गुंग असताना घरातल्या बाईंनी हाक मारली, "मामा, त्या माडाखाली उभे राहू नका, नारळ पडायचा." आमच्या मामांना तिनेही मामाच म्हटले, याचे त्यांना मोठे अप्रूप वाटले. तिने शहाळी काढून दिली. कुठून आलात म्हणून विचारले. सोलापूर म्हटल्यावर तिच्या तोंडून पहिला शब्द आला तो "चादर!"

चादरीवरून मामांना विषय सुचला. ते म्हणाले, "एवढ्या पेठेचा गाव, कापड इथून जात होतं म्हणतोस, मग माग कुठं होते?"

प्रश्न रास्त होता. चौल हे केवळ माल चढविण्या-उतरविण्याचे बंदर नव्हते; ते विणकरांचे गाव होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आलेला डच प्रवासी लिन्शोटेन याने चौलच्या रेशमी कापडाचा मुद्दाम उल्लेख केला आहे. चीनमधून कच्चे रेशीम येई आणि येथे विणले जाऊन बाहेर जाई. परंतु मागांची एकही खूण येथे दाखविता येत नाही. चर्च दगडाचे, तट दगडाचा, म्हणून ते पडून तरी राहिले. विणकराचे घर कुडाचे आणि झावळ्यांचे. ते दोन पावसाळे रिकामे राहिले की संपले. आपण ज्याला ऐतिहासिक अवशेष म्हणतो त्यात ज्याला दगड परवडला तोच तेवढा दिसतो, हे त्या वाडीत उभे राहून मला प्रथम जाणवले.

विणकर गेले कोठे, याचे उत्तर मात्र मिळते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात आले आणि तेथे वस्ती वाढविण्यासाठी कारागिरांना बोलाविण्यात आले. चौलचे बरेच विणकर मुंबईस गेले आणि त्यांच्यासाठी तेथे मुद्दाम घरांची ओळ बांधण्यात आली. चौल ओसरण्यास इतरही कारणे झाली. खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे सुरतेस आणि मग मुंबईस जाऊ लागली, आणि घाटावरची जी शाही या बंदरावर पोसली जात होती ती १६३६ मध्ये बुडाली. परंतु गावाचा कणा मोडला तो हात गेल्यामुळे. मामा काही बोलले नाहीत. सोलापूरची १८७७ सालची 'जुनी मिल' आणि तिच्यामागून उभ्या राहिलेल्या इतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडताना ज्यांनी ऐकले, त्यांना हे निराळे सांगावे लागत नाही.

कोटाबाहेर चौलमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण मी दोनच ठिकाणांचा निर्देश करतो. पहिले म्हणजे रामेश्वराचे मंदिर. समोर मोठी पुष्करणी, आणि मंदिरात अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड अशी तीन बंद कुंडे. अवर्षण पडल्यास पर्जन्यकुंड उघडावे म्हणजे पाऊस पडतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. कोकणात, जेथे पाऊस नको नको म्हणेपर्यंत पडतो, तेथे पर्जन्याचे कुंड असावे याचे आम्हां दुष्काळी मुलखातल्या माणसांना नवल वाटले. दुसरे, टेकडीवरील दत्तमंदिर. दत्तजयंतीला येथे मोठी यात्रा भरते. वरून बागांचा हिरवा पट्टा आणि पलीकडचा समुद्र एका दृष्टिक्षेपात दिसतो. रेवदंड्यात बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनामंदिरही आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' या नावाने ओळखला जाणारा हा समाज या किनाऱ्यावर शतकानुशतके मराठी बोलत राहिला. त्यांतील बहुतेक कुटुंबे आता इस्राएलला गेलेली आहेत.

कोर्लईची बोली

दुसऱ्या दिवशी साळावचा पूल ओलांडून आम्ही कोर्लईस गेलो. खाडीच्या मुखाशी समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगराच्या पाठीवर हा किल्ला आहे. तिन्ही बाजूंना पाणी. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून जिंकून घेतला. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढून वर गेले की एकामागून एक दरवाजे लागतात. माथ्यावर छप्पर उडालेले एक प्रार्थनामंदिर, पोर्तुगीज भाषेतील शिलालेख आणि गंजलेल्या तोफा आहेत. चढ कठीण नाही, परंतु सावली नाही, सकाळीच जावे. वरून कुंडलिकेचे मुख आणि पलीकडे रेवदंड्याच्या माडांचे बन दिसते. हे बन पाहून, यात एक शहर आहे असे कोणालाही वाटणार नाही.

किल्ल्यापेक्षाही मोलाची वस्तू मात्र खाली गावात आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही, ऐकावी लागते. कोर्लईतील ख्रिस्ती वस्तीत हजाराच्या आसपास माणसे पोर्तुगीजपासून झालेली एक बोली आजही घरात बोलतात. बाहेरचे लोक तिला 'क्रिस्ती' म्हणतात. बोलणारे 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. पोर्तुगीज शिपाई आणि स्थानिक स्त्रिया यांच्या कुटुंबांतून ती जन्मली. १७४० मध्ये अधिकारी, पाद्री, सावकार निघून गेले. ज्यांना जाण्यास जागा नव्हती ते मागे राहिले, आणि त्यांच्याजवळ ही भाषा राहिली. त्यानंतर पोर्तुगीज भाषेशी त्यांचा फारसा संबंध उरला नाही. शब्द पुष्कळसे पोर्तुगीजच राहिले, पण वाक्याची घडण मराठीसारखी होत गेली. क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येते. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी या बोलीचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मुले आता मराठी आणि इंग्रजी शाळांत जातात, तरुण नोकरीसाठी मुंबईस. तेव्हा ही बोली पुढे किती टिकेल, हा प्रश्न आहे. माउंट कार्मेल मातेच्या चर्चच्या बाजूला एक आजी नातीला काही तरी रागे भरत होत्या. त्यातला एक शब्दही आम्हांस समजला नाही, परंतु रागावण्याची चाल ओळखीची होती. आम्हांला पाहताच आजी स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "या, बसा."

तट एकवार दुरुस्त करता येतो. भाषेला डागडुजी करणारे खाते नसते.

समुद्रस्नान आणि तिथीचा हिशेब

रेवदंड्याचा किनारा लांब, सपाट आणि काळसर वाळूचा आहे; मागे सुरूचे बन आणि कोटाची पडकी भिंत. पांढऱ्या वाळूची हौस असणाऱ्यांनी दक्षिणेकडे काशीदला जावे. तेथील लाटा मात्र फसव्या आहेत आणि तेथे बुडून मृत्यू झालेले आहेत, हे विसरू नये. समुद्राची सवय नसलेल्या आम्हां देशावरच्या मंडळींनी गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये हे उत्तम.

भरती-ओहोटी विचारूनच पाण्यात उतरावे. एका वृद्ध कोळ्याने आम्हांला जो हिशेब सांगितला तो सांगण्यासारखा आहे. ज्या दिवशीची भरती पाहावयाची त्या दिवशीच्या तिथीस पाऊण या संख्येने गुणावे. जे उत्तर येईल तितक्या वाजता साधारणतः पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीस सहा वाजता. पौर्णिमा व अमावास्या यांना पंधरा धरावे, म्हणजे सव्वाअकरा येतात. प्रत्यक्षात बाराच्या सुमारास भरती असते. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. यामागील कारण असे की, चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि भरती त्याच्यामागून येते. तिथी ही चंद्राचीच गणती असल्याने हिशेब जुळतो. घड्याळाच्या काट्यावर बोट ठेवून विसंबण्याइतका तो नेमका नाही, परंतु मामांनी खिशातील दिनदर्शिका काढून लगेच सात दिवसांच्या भरत्या मांडून काढल्या.

जाण्यास उत्तम काळ दिवाळीनंतरचा. पावसाळ्यात व त्यानंतर लगेच कोटात इतके रान माजते की भिंती दिसत नाहीत. सोलापूरहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर, तेथून खोपोली, पेण, अलिबाग हा रस्ता सुमारे एकशे चाळीस किलोमीटर. रेल्वेने रात्रीत मुंबई गाठून गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्यापर्यंत लाँचने जाता येते. सन २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून वाहने नेणारी रो-रो सेवाही सुरू झाली आहे. पावसाळ्यात लाँच बंद असतात. राहण्यासाठी वाड्यांतून घरगुती सोय होते आणि जेवण चांगले मिळते. शाकाहारी मंडळींनी आगाऊ सांगून ठेवावे.

हे उत्पन्न गावाला हवेच आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले तेव्हा पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी येईपर्यंत बरीच वर्षे जातात. तेवढा काळ घर चालवावयाचे कशावर, हा प्रश्न ज्यांच्यापुढे उभा राहिला त्यांना पाहुण्यांचा आधार झाला. माझे स्वतःचे मत असे की, जमिनीकडील दरवाजाशी कोटाचा एक साधा नकाशा लावला आणि गावातील चार तरुणांना माहिती देऊन वाटाडे म्हणून तयार केले, तर भरधाव जाणारी निम्मी वाहने थांबतील. मोठ्या खर्चाच्या योजनेची येथे गरज दिसत नाही. भिंतींत शिरलेली पिंपळाची मुळे वेळीच काढणे मात्र निकडीचे आहे.

परतताना अलिबागच्या अलीकडे अक्षी गावी थांबलो. येथे एक शिलालेख आहे. त्यावरील साल शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असे वाचले गेले असून मराठीतील सर्वांत जुना शिलालेख म्हणून त्याचा मान आहे. आता, दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४० चा जो मराठी लेख आहे, आणि जो सोलापूरचे संशोधक कै. आनंद कुंभार यांनी उजेडात आणला, त्याबद्दल सोलापूरकरास किती अभिमान आहे हे सांगावयास नको. अक्षीच्या सालाच्या वाचनाबद्दल काही तज्ज्ञांनी शंका घेतल्या आहेत, हेही खरे. मामांनी शिळेभोवती एक फेरी मारली, अक्षरांवर नजर फिरविली आणि विचारले, "आपल्या कुडलच्या आधीचा का हा?"

"सहा वर्षांनी आधीचा, असं म्हणतात," मी म्हणालो.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग गाडीकडे वळत म्हणाले, "साल परत एकदा नीट वाचायला सांग त्यांना."